डोळा, देवी आणि टोचणी : परळच्या बंगल्यातले एक लॅटिन क्रियापद

‘इनॉक्युलेट’ हे इंग्रजी क्रियापद आता बोलण्यात क्वचितच येते. लस टोचण्याच्या अर्थाने त्याची जागा ‘व्हॅक्सिनेट’ने कधीच घेतली असून, जे काही उरले आहे ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या नोंदवह्यांत आणि पेरणीपूर्वी कडधान्याच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळावे, अशा कृषिखात्याच्या सूचनांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र मुंबईत या क्रियापदाचे नाम, म्हणजे ‘इनॉक्युलेशन’, सरकारी हुकुमांपासून गिरणीच्या फाटकापर्यंत सर्वत्र वादाचा विषय झाले होते आणि परळच्या ज्या जुन्या बंगल्यात आज हाफकिन इन्स्टिट्यूट उभी आहे, त्या वास्तूला तिचे दुसरे आयुष्य याच शब्दामुळे मिळाले. या शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याच कृतीसाठी मराठीने योजलेली क्रियापदे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मुंबईतील प्लेगच्या इतिहासाची एक बाजू उजळते, जी केवळ सनावळ्यांतून दिसत नाही.

लॅटिनमध्ये ‘इन्’ म्हणजे आत आणि ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा. या दोहोंपासून ‘इनोकुलारे’, म्हणजे डोळा आत बसवणे, हे क्रियापद तयार झाले. हा डोळा माणसाचा नव्हे, झाडाचा. पानाच्या बेचक्यात जो कोंब सुप्तावस्थेत असतो त्याला रोमन माळी ‘डोळा’ म्हणत आणि एका झाडाचा असा डोळा सालीच्या चिमुकल्या तुकड्यासह अलगद उचलून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवण्याच्या कृतीला ‘इनोकुलारे’ म्हणत. शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने ही संज्ञा वापरली आहे, आणि व्हर्जिलने आपल्या शेतीविषयक काव्यात डोळा बसवण्याची आणि फांदीचे कलम करण्याची कृती एकमेकींपासून वेगळ्या काढून सांगितल्या आहेत. ‘ओकुलुस’ हा शब्द संस्कृत ‘अक्षि’चा दूरचा भाऊबंद आहे. दोन्ही एकाच इंडो-युरोपीय धातूपासून आले आणि बायनॉक्युलर, मोनोकल या मराठीत रुळलेल्या नावांतही तोच डोळा लपलेला आहे. इंग्रजी लिहिणारे पुष्कळ जण हा शब्द दोन ‘एन’ घालून लिहितात, कारण ‘निरुपद्रवी’ या अर्थाचा ‘इनॉक्युअस’ हा शब्द त्यांच्या मनात घोळत असतो. त्या शब्दाचे मूळ इजा करणे या अर्थाच्या निराळ्याच लॅटिन धातूत आहे आणि त्याचा डोळ्याशी काडीचाही संबंध नाही.

मराठी वाचकाला ही व्युत्पत्ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मराठी शेतकऱ्याच्या भाषेतही कोंबाला डोळाच म्हणतात. उसाचे बेणे दोन डोळ्यांचे की तीन डोळ्यांचे, असे विचारले जाते, डोळे फुटलेला बटाटा लागवडीसाठी बाजूला काढला जातो आणि गुलाब, संत्रे, मोसंबी यांच्या रोपवाटिकांत ‘डोळा भरणे’ हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. जंगली गुलाबाच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद द्यायचा, साल दोन्ही बाजूंनी उचलायची, हव्या त्या जातीचा डोळा आत सरकवायचा आणि तो उघडा राहील अशा बेताने पट्टी गुंडाळायची, याला माळी डोळा भरणे म्हणतो आणि ‘इनोकुलारे’चे याहून नेमके भाषांतर कोणत्याही कोशकाराला जमणार नाही. लॅटिनने हे मराठीकडून घेतले नाही आणि मराठीने लॅटिनकडून घेतले नाही. झाडाकडे निरखून पाहणाऱ्या दोन वेगळ्या समाजांना कोंबात डोळाच दिसला, एवढाच याचा अर्थ. असाच योग दुसऱ्या एका शब्दातही आहे. अरबीतून आलेला ‘कलम’ हा शब्द मराठीत लेखणी आणि झाडाचे कलम या दोन्ही अर्थांनी चालतो, तर इंग्रजीतील ‘ग्राफ्ट’ हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीकमधील लेखणीच्या नावापासून आला आहे, कारण तासून टोकदार केलेली काडी लेखणीसारखी दिसते.

मुंबई बेटावर या बागाईत शब्दांना जागा नव्हती असे नाही. पश्चिम किनाऱ्यावर आंब्याची कलमे बांधण्याची पद्धत रुजवण्याचे श्रेय गोव्यातील जेझुइट पाद्र्यांकडे दिले जाते. आंब्याला मात्र डोळा भरत नसत, त्याची भेटकलमे करत, म्हणजे दोन जिवंत फांद्या तासून एकमेकींना बांधत. माझगावच्या आंब्याची कीर्ती तर इतकी पसरली होती की कधीही हिंदुस्थानात न आलेल्या टॉमस मूर या आयरिश कवीने आपल्या ‘लाला रुख’मध्ये तिची दखल घेतली. शिवडीला पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग होती. त्या जागेवर पुढे दफनभूमी आली आणि संस्थेचा वारसा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेला, जी १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. झाडांच्या सालीखाली डोळे बसवण्याचे ज्ञान आणि माणसांच्या कातडीखाली रोगाचे बीज घालण्याचे ज्ञान या शहरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नांदत होते.

माळ्याचा शब्द वैद्याच्या हाती कसा गेला, हे समजण्यासाठी तुर्कस्तानाकडे वळावे लागते. इंग्रजीत हे क्रियापद पंधराव्या शतकापासून केवळ बागेपुरते होते आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही ते जुन्या खुंटावर नवे कलम या रूपकातच आले आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इस्तंबूलमध्ये देवीच्या फोडातील थोडा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत ओरखडा काढून घालण्याची चाल होती, जेणेकरून सौम्य स्वरूपाच्या देवी येऊन जाव्यात आणि जन्मभराची भीती संपावी. तिचे वर्णन तिथले वैद्य एमॅन्युएल टिमोनियस यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले आणि ते १७१४ साली सोसायटीत वाचले गेले. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १७१७ साली ही चाल स्वतः पाहून पत्रातून कळवली, १७१८ साली तिथेच आपल्या मुलावर आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीवर तिचा प्रयोग करवला. तिने आपल्या पत्रात या कृतीला कलम करणे अशा अर्थाचा शब्द योजला होता, इतरांनी डोळा भरण्याचा शब्द योजला, आणि त्या स्पर्धेत दुसरा टिकला. उपमा चपखल होती. एका देहाचा अंश दुसऱ्याच्या सालीखाली बसवायचा आणि तो तिथे जीव धरेल याची वाट पाहायची. मराठीत तर झाडाच्या आवरणाला आणि माणसाच्या कातडीला ‘साल’ हा एकच शब्द लागू पडतो.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ साली गाईच्या देवींविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या नव्या पद्धतीला वेगळे नाव हवे होते. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात, त्यावरून ‘व्हॅक्सिनेशन’ हे नाव १८०० साली पडले. त्यानंतर बराच काळ या दोन शब्दांत काटेकोर भेद होता. माणसाच्या देवींचा द्रव घातला तर इनॉक्युलेशन, गाईच्या देवींचा घातला तर व्हॅक्सिनेशन. गाईच्या देवींची लस हिंदुस्थानात सर्वप्रथम रुजली ती मुंबईतच. व्हिएन्नाहून बगदाद आणि बसऱ्यामार्गे आलेली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर यशस्वी ठरली. तिच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी मुलांना, अशा दंडापासून दंडाकडे चालणाऱ्या साखळीने ती देशभर गेली. बर्फ नव्हता, शीतपेट्या नव्हत्या, तेव्हा मुलाचा जिवंत दंड हीच लसीची कुपी होती. पुढे मुंबई शहरासाठी १८७७ साली लसीकरणाचा वेगळा कायदा झाला आणि १८८० च्या अखिल भारतीय कायद्याने, तो जिथे लागू होईल त्या भागांत, व्हॅक्सिनेशन सक्तीचे करताना इनॉक्युलेशनला बंदी घातली. ज्या शब्दावर सरकारने १८८० साली बंदी घातली, त्याच शब्दाचा प्रचार करण्याची वेळ त्याच सरकारवर अवघ्या सतरा वर्षांनी आली, ही या कथेतील गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठीने या कृतीला काय म्हटले, ते आता पाहू. देवीच्या लसीसाठी लोकांच्या तोंडी बसलेला शब्दप्रयोग ‘देवी काढणे’ असा होता. ज्यांच्या दंडावर वाटोळे वण आहेत ती जुनी पिढी अजूनही ‘माझ्या देवी लहानपणीच काढल्या’ असे म्हणते. या शब्दप्रयोगाची दिशा लॅटिनच्या बरोबर उलटी आहे. ‘इनोकुलारे’मध्ये बाहेरचे काही आत घातले जाते, तर मराठीत आतली देवता बाहेर काढली जाते. रोगाला देवता मानणाऱ्या समाजात, जिथे ‘देवी आल्या’ असे म्हणत आणि माहीमच्या शीतलादेवीला थंड नैवेद्य दाखवत, तिथे हा शब्दप्रयोग अत्यंत सुजाण ठरतो. देवी कधी ना कधी यायच्याच आहेत, तर त्यांना बोलावून, थोडक्यात प्रकट करून मोकळे व्हावे. सरकारी लस टोचणाऱ्याचे काम लोकांनी आपल्या श्रद्धेच्या घरात बसवून घेतले आणि परकी कृती घरच्या भाषेत सामावली. देवीच्या लसीला विरोध झालाच नाही असे नव्हे, परंतु विरोध करणाऱ्यांना आणि स्वीकारणाऱ्यांना एक सामाईक शब्द मिळाला होता, हे महत्त्वाचे.

दुसरा शब्द ‘लस’. चिघळलेल्या जखमेतून किंवा फोडातून जो पातळ, पांढुरका द्रव पाझरतो त्याला मराठीत लस म्हणतात. वैद्यकाच्या संस्कृतप्रचुर परिभाषेत त्यालाच लसीका म्हटले जाते, आणि जेन्नरच्या काळातील इंग्रज डॉक्टर गाईच्या देवींच्या द्रवाला ‘लिंफ’ म्हणत, ज्याचे मूळ स्वच्छ पाणी या अर्थाच्या लॅटिन ‘लिंफा’मध्ये आहे. म्हणजे ‘लस’ हा ‘व्हॅक्सिन’चा नव्हे, ‘लिंफ’चा प्रतिशब्द होय, त्यात गाय नाही, आहे तो केवळ फोडातला ओलावा. तिसरा शब्द ‘टोचणे’. तो सर्वांत उघडावाघडा. सुई, काटा, चोच, शब्द, सदसद्विवेकबुद्धी, सगळेच टोचते. त्यात काय आत गेले वा बाहेर आले याचा उल्लेख नाही, आहे तो फक्त वेदनेचा क्षण. टोचून घेणाऱ्याच्या बाजूने बनलेला हा शब्द आहे, टोचणाऱ्याच्या बाजूने नव्हे.

मुंबईत प्लेग अवतरला तेव्हा या तिन्ही शब्दांची कसोटी लागली. मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये पहिल्या रोग्याचे निदान केले. काखेत वा जांघेत गाठ येऊन ताप चढणाऱ्या या रोगाला मराठी वृत्तपत्रांनी ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले, तर चाळींत ‘उंदीर पडला’ एवढे शब्द घर सोडण्यास पुरेसे असत. १८९७ च्या प्रारंभापर्यंत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती गावोगाव निघून गेली होती. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ भरली.

या संकटाबरोबर लॅटिन मुळाच्या शब्दांची एक पलटणच मुंबईत उतरली. ‘सेग्रिगेट’ करणे, म्हणजे विलग ठेवणे, हा शब्द ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप यावरून आला. कळपातून जनावर बाजूला काढणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि चाळीत सख्खे-चुलत एकत्र राहणाऱ्या गिरणी कामगाराला तो शब्द न कळताही त्याचा अर्थ नेमका कळला. नगरपालिकेने ऑक्टोबर १८९६ च्या प्रारंभी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात रोग्यांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशी अफवा तेव्हा पसरली होती. येथे आणखी एका शब्दजोडीकडे लक्ष वेधायला हवे. ‘म्युनिसिपल’ आणि ‘इम्यून’ हे दोन्ही शब्द ‘मुनुस’, म्हणजे नागरिकाचे कर्तव्य वा सार्वजनिक भार, या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत. जो भार उचलतो तो म्युनिसिपल, आणि ज्याला भारातून माफी मिळते तो इम्यून. रोगापासून माफी हा अर्थ फार पुढचा. मूळ अर्थ इनामी जमिनीला साऱ्याची माफी असावी तसा होता. या माफीचा प्रत्यक्ष प्रत्यय प्लेगच्या काळातच आला, कारण मुंबई इलाख्यात प्लेगची लस टोचून घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्याला विलगीकरणाच्या काही नियमांतून सूट मिळू लागली. इम्यून या शब्दाचे जुने आणि नवे अर्थ एकाच कागदावर शिक्क्यानिशी एकत्र आल्याचे असे उदाहरण विरळाच.

ती लस बनवणारे वाल्देमार मोर्देकाय हाफकिन हे ओडेसात १८६० साली जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांनी १८९२ साली पटकीची लस तयार करून स्वतःवर टोचून पाहिली होती, आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात तिचे प्रयोग करत फिरत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईस बोलावण्यात आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. त्यांची कृती या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण त्या एकाच कृतीत ‘इनॉक्युलेट’ हे क्रियापद दोनदा, दोन अर्थांनी घडते. मांसाच्या अर्कात प्लेगच्या जंतूंचे बीज सोडायचे, ही प्रयोगशाळेच्या भाषेतील पहिली इनॉक्युलेशन. तिला मराठीत अचूक शब्द हवा असेल, तर तो स्वयंपाकघरात आहे : विरजण लावणे. कोमट दुधात चमचाभर दही घालून रात्रभर वाट पाहणारी गृहिणी जे करते, तेच हाफकिन काचेच्या चंबूत करत होते. हे साम्य केवळ अलंकारिक नाही, कारण हाफकिन यांनी अर्कावर तुपाचे थेंब सोडले होते. त्या तरंगत्या तुपाला चिकटून जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या कांड्यांसारखे खाली उतरत. चंबू हलवला की त्या गळून तळाशी बसत आणि वर नव्या धरत. पुरेसे पीक आले म्हणजे ते सारे तापवून जंतू मारायचे, त्यात कार्बोलिक आम्ल घालायचे आणि मग ते माणसाच्या दंडात सोडायचे, ही दुसरी इनॉक्युलेशन. येथे मात्र माळ्याची उपमा गळून पडते, कारण डोळा जिवंत असल्याशिवाय कलम धरत नाही आणि हाफकिन यांनी दंडात सोडलेले जंतू मेलेले होते. शब्द तोच राहिला, आत जाणारी वस्तू पालटली.

हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी पहिली लस स्वतःला टोचली आणि नंतर इतरांना देत त्यापेक्षा बरीच मोठी मात्रा घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, आणि न टोचलेल्या कैद्यांच्या मानाने टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण ठळकपणे कमी राहिले. तरुण आगा खान तिसरे यांनी खोजा समाजाला विश्वास वाटावा म्हणून चारचौघांत स्वतःला टोचून घेतले आणि आपल्या ‘खुश्रू लॉज’ या वास्तूत प्रयोगशाळेसाठी जागा दिली. तीही अपुरी पडू लागली, तेव्हा सरकारने परळचा जुना गव्हर्नमेंट हाउस मोकळा करून दिला आणि ऑगस्ट १८९९ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे तिथे उद्घाटन झाले.

या वास्तूचा इतिहास चार पिढ्यांच्या वाड्यासारखा थरावर थर चढलेला आहे. पोर्तुगीज अमदानीत येथे ख्रिस्ती मठ आणि प्रार्थनामंदिर होते आणि इंग्रजांनी १७१९ च्या सुमारास ते जेझुइटांकडून जप्त केले. पुढे गव्हर्नरांनी त्याचे प्रथम उपवनगृह आणि नंतर कायमचे निवासस्थान केले. प्रार्थनामंदिराच्या जागी मेजवान्यांचे दालन झाले. परंतु आसपास गिरण्या उभ्या राहिल्या, धूर आणि दाटी वाढली, १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच घरात पटकीने अंत झाला आणि थोड्याच वर्षांत गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. पटकीमुळे ओस पडलेले घर पटकीची लस शोधणाऱ्याच्या ताब्यात जावे, हा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर वाचकाने तो कृत्रिम म्हणून फेटाळला असता.

प्लेगच्या लसीला मुंबईकरांनी देवीच्या लसीसारखे घरचे नाव का दिले नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. देवी आणि गोवर-कांजण्या या येऊन जाणाऱ्या देवता होत्या आणि त्यांपैकी देवींना ‘काढता’ येत असे. साथीच्या मरीची मरीआई मात्र काढायची देवता नव्हे, तिला गाड्यात बसवून वेशीपार पोहोचवायचे असते. ज्या देवतेला गावाबाहेर घालवायचे तिलाच दंडातून आत घ्यायचे, या कल्पनेला लोकभाषेत जागा सापडली नाही आणि ‘मरी काढणे’ असा शब्दप्रयोग घडला नाही. उरले ते नुसते ‘टोचणे’. देवता गेली आणि सुई तेवढी राहिली. प्लेगच्या लसीला झालेला विरोध शब्दामुळे झाला असे म्हणणे अतिरेकाचे होईल. घरझडत्या, सामानाची जाळपोळ, स्त्रियांची तपासणी आणि आप्तांची ताटातूट ही कारणे पुरेशी होती, आणि त्यांच्यामुळेच पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवर प्राणघातक हल्ला आणि मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल झाली. तरीही देवीच्या लसीपाशी जो शब्दाचा पूल होता तो प्लेगच्या लसीपाशी नव्हता, हे निरीक्षण इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवे. सक्तीने लस टोचण्याचा मार्ग सरकारने पत्करला नाही, यात हाफकिन यांच्या स्वेच्छेवरील भराचाही वाटा होता.

‘आत घालणे’ या क्रियेचा धोका १९०२ साली पंजाबात उघड झाला. मुलकोवाल या गावी ३० ऑक्टोबर रोजी १०७ जणांना परळहून आलेल्या लसीच्या पाच बाटल्यांतून टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब नंतर पुढे आली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. खुंटावर डोळा भरताना चाकू मळका असेल तर कलम कुजते, हे कोणताही माळी सांगेल. लॅटिन शब्दाच्या पोटात ही सूचना आधीपासून होती. तिची किंमत १९ कुटुंबांनी आणि एका शास्त्रज्ञाच्या उमेदीच्या वर्षांनी मोजली. परळला ते पुन्हा संचालक म्हणून परतले नाहीत. पुढची काही वर्षे कलकत्त्यात काढून त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि १९३० साली लोझानमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ साली बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी आणि १९२५ साली, हाफकिन हयात असतानाच, हाफकिन इन्स्टिट्यूट असे झाले. उंदरावरील पिसवा प्लेगचा प्रसार करतात, हे सिद्ध करण्याचे कामही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच आवारात झाले. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईतून बाहेर पाठवल्या गेल्या. साहिब सिंग सोखी हे १९३२ साली या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. मात्र ज्या शब्दाने ही संस्था जन्माला घातली, तो हळूहळू मागे पडला. लुई पाश्चर यांनी १८८१ सालीच, जेन्नर यांच्या सन्मानार्थ, रोग कोणताही असो, सर्व प्रतिबंधक टोचणीला व्हॅक्सिनेशनच म्हणावे असे सुचवले होते. जगाने ते कालांतराने मानले आणि गाईशी काहीही संबंध नसलेल्या लसींनाही गाईचे नाव लागले. ‘इनॉक्युलेट’ डॉक्टरांकडून पुन्हा चंबूत बीज सोडणाऱ्या संशोधकाकडे आणि बियाण्यावर संवर्धक चोळणाऱ्या शेतकऱ्याकडे परतले, म्हणजे एका अर्थाने आपल्या शेतातच.

मराठीतही असेच स्थित्यंतर झाले. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि काढायला देवीच उरल्या नाहीत, त्यामुळे ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग वण असलेल्या दंडांबरोबर मावळत चालला आहे. सरकारी पत्रकांनी ‘लसीकरण’ हा शब्द पसंत केला आहे, जो नेमका आणि सभ्य आहे, पण त्यात सुई कुठेच दिसत नाही. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिनच्या आवारालगत असलेल्या केईएम रुग्णालयात तान्हे मूल घेऊन आलेली बाई मात्र नोंदणीच्या खिडकीपाशी अजूनही ‘बाळाला टोचायला आणलंय’ असेच सांगते.